कचरा डेपोच्या मातीत कपड्यांची केमिकल्स मोजायची आहेत? आधी स्वतःचं जॅकेट काढा

"मातीत काय काय आहे ते बघा" असं सांगून लॅबला सॅम्पल देऊ नका, काय शोधायचं ते आधी ठरवा. वॉटरप्रूफ किंवा डाग न धरणाऱ्या कापडावर पीफास (फ्लोरिनवाली, सहज न विघटणारी केमिकल्स), आग लागू नये म्हणून ट्रीट केलेल्या पडद्या-सोफ्यात डेकाबीडीईसारखी ब्रोमिनवाली केमिकल्स (२०१७ पासून घातक केमिकल्सवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत, पण जुना माल डेपोत पडलाच आहे), पॉलिएस्टरमध्ये अँटिमनी हा धातू, वास न येणाऱ्या मोज्यांत चांदी. सगळ्यांना एकच बाटली चालत नाही, इथेच लोक फसतात.

पीफाससाठी एचडीपीई या प्लॅस्टिकची बाटली, टेफ्लॉन कुठेच नको (तेही पीफासच), झाकणाच्या आतसुद्धा नाही. ब्रोमिनवाल्यांना ब्राऊन काचेची बाटली, कारण उजेडात ही केमिकल्स तुटतात. आणि अंगावर वॉटरप्रूफ काही घालू नका, धुऊन धुऊन जुना झालेला सुती शर्ट बरा. मी एकदा पावसाच्या भीतीने नवंकोरं जॅकेट घालून गेलो आणि फील्ड ब्लँकमध्येच पीफास निघाले, सगळी बॅच पाण्यात! फील्ड ब्लँक म्हणजे पीफास नसलेलं पाणी सोबत न्यायचं आणि तिथेच दुसऱ्या बाटलीत ओतायचं, बस. कंटाळा आला तरी हे सोडू नका.

माती एकाच खड्ड्यातली नको, एकाच खोलीवरून पाच-सहा ठिकाणची घ्या, स्टीलच्या भांड्यात कालवा, ढीग सपाट करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तसंच. डेपोबाहेरची, चढाच्या बाजूची माती पण घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? मग २ मिमीच्या चाळणीतून चाळा. चाळणीवर चिंध्या आणि दोऱ्यांचे गुंते अडकतात, ते फेकू नका, वेगळे वजन करून ठेवा, कारण एक लेपवाला तुकडा मातीत राहिला की तो आकडा मातीचा नसून त्या तुकड्याचा असतो. ओलावा काढायला थोडी माती १०५ डिग्रीला सुकवा, पण टेस्टची माती त्या ओव्हनमध्ये घालू नका. रिझल्ट कोरड्या वजनावरच मागा.

लॅबमधल्या मोजणीच्या यंत्रांपैकी पीफासला एलसी-एमएस-एमएस, ब्रोमिनवाल्यांना जीसी-एमएस (डेकाबीडीई उष्णतेत तुटतं म्हणून छोटा कॉलम, म्हणजे यंत्रातली नळी, विचारून घ्या), धातूंना आयसीपी-एमएस. अँटिमनी नुसत्या नायट्रिक ॲसिडमध्ये नीट येत नाही, हायड्रोक्लोरिक लागतंच, आणि चांदीला नेमकं तेच नडतं, क्लोराइड होऊन खाली बसते. दोघांचं डायजेशन, म्हणजे ॲसिडमध्ये विरघळवणं, वेगळं करायला सांगा.

शेवटचं, ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) १६३३ मेथडमध्ये ४० पीफास मोजतात, पण कापडावरचा बराचसा लेप पॉलिमर असतो, तो या यादीत दिसतच नाही. चाळीसही "आढळले नाही" आले तर लगेच खूश होऊ नका, टोटल ऑरगॅनिक फ्लोरिनची (कार्बनला जोडलेल्या फ्लोरिनची) टेस्ट पण करून घ्या.