फ्रेंच रिव्हिएराची जुनी पोस्टकार्डं: पारख आणि जपणूक

नीस, कान, मांतों या फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याची पोस्टकार्डं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमाप छापली गेली. दिसेल ते घेत गेलात तर खोकी भरतील, पण संग्रह उभा राहणार नाही. म्हणून आधी विषय अरुंद करा: नीसचा समुद्रकाठचा रस्ता प्रोमनाद देझांग्ले, मांतोंची लिंबं, किंवा एकाच प्रकाशकाची कार्डं. लेव्ही (कार्डावर 'एलएल'), नर्दँ ('एनडी') आणि नीसचेच जिलेत्ता ही प्रकाशकांची नावं वारंवार भेटतील. लेव्हीच्या कार्डांवर गावाच्या नावाबरोबर क्रमांक असतो, त्यामुळे कुठला अंक हातात नाही याची यादी ठेवता येते.

कार्ड हातात आलं की चित्राआधी पाठ बघा. फ्रान्समध्ये डिसेंबर १९०३ पासून पाठीवर मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता लिहायला परवानगी मिळाली. त्याआधी पाठ फक्त पत्त्यासाठी होती. म्हणून रेघ नसलेल्या कार्डावर चित्राच्या कडेला शाईत मजकूर दिसला तर तो डाग समजू नका, तीच त्या काळची रीत होती. तिकिटाची किंमतही बोलते: पाच शब्दांपर्यंतच्या मजकुराला ५ सांतिम (फ्रँकचा शंभरावा भाग) पुरत, जास्त लिहायचं तर १० लागत. हिरव्या ५ सांतिमच्या तिकिटाखाली नुसता नमस्कार आणि सही दिसते ती यामुळेच.

टपालाच्या शिक्क्यावरून मात्र फोटोची तारीख ठरवू नका. दुकानात कार्डं वर्षानुवर्षं पडून असत. शिक्का एवढंच सांगतो की कार्ड त्या दिवसानंतरचं नाही. फोटोची तारीख इमारतींवरून काढा. नीसला समुद्रात खांबांवर उभा असलेला झते-प्रोमनाद हा कॅसिनो १८९१ मध्ये सुरू झाला आणि १९४४ मध्ये जर्मन सैन्याने तो उतरवला. गुलाबी घुमटाचं नेग्रेस्को हॉटेल १९१३ चं. दोन्ही एकाच चित्रात असतील तर फोटो साधारण १९१३ ते १९४४ मधला. रंगांवर विसंबू नका: बहुतेक रंग काळ्या-पांढऱ्या फोटोवर छापखान्यात चढवलेले असतात, आणि 'चांदण्या रात्री'ची कितीतरी दृश्यं म्हणजे दिवसाच्या फोटोवर निळा रंग आणि छापलेला चंद्र.

नकली कार्ड ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. त्या काळच्या कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून केलेल्या) छपाईत सुरकुत्यांसारखा बारीक, अनियमित कण दिसतो. खऱ्या फोटो-कार्डात, म्हणजे थेट फोटोच्या कागदावर काढलेल्या कार्डात, ठिपके नसतात, आणि जुन्या कार्डाच्या गडद भागात तिरप्या उजेडात बऱ्याचदा चंदेरी चमक येते. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ती हल्लीची छपाई. शंका राहिली तर अंधारात अतिनील दिवा धरा. आधुनिक कागद निळसर पांढरा झळकतो, १९५० च्या आधीचा सहसा मंद राहतो. शेवटी पट्टी लावा. त्या काळचं कार्ड सुमारे ९ × १४ सेंटिमीटर असतं. दोन-तीन मिलिमीटर कमी भरलं तर झिजलेले कोपरे लपवायला कडा कापल्या असण्याची दाट शक्यता आहे, आणि अशा कार्डाची किंमत बरीच घसरते.

जपणुकीत सगळ्यात मोठं नुकसान पीव्हीसीच्या पाकिटांनी होतं. त्यातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो, पाकीट चिकट होतं आणि छपाईला धरतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, कार्डं आम्लमुक्त खोक्यात उभी ठेवा, पण दाबून भरू नका. रबरबँड कडेला खाच पाडतो, चिकटपट्टीचा डाग निघत नाही, लॅमिनेशन केलेलं कार्ड तर गेलंच. हवेतली आर्द्रता ३५ ते ५० टक्के ठेवा. सतत दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके उमटतात. क्रमांक, साल, कुठून मिळालं हे सगळं कार्डावर नव्हे, पाकिटावर लिहा. आणि तिकीट काढायला वाफ कधीही देऊ नका: कागद फुगतो, शाई पसरते, आणि अर्धा पुसलेला शिक्का पुन्हा वाचता येत नाही.