खुब्याचे फ्रॅक्चर आणि रक्तदाबाची गोळी : स्वतःहून बदल करण्यापूर्वी

रक्तदाबाच्या अमुक गोळीने हाडे मोडण्याचा धोका कमी होतो, असे वाचनात आले तरी आपली चालू गोळी स्वतःहून बंद करू नये किंवा बदलू नये. त्या गोळीची तुलना कशाशी केली होती, हे आधी पाहावे. रक्तदाबाच्या औषधांची तुलना करणाऱ्या ‘ऑलहॅट’ या चाचणीतील 55 वर्षांवरील 22,180 रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण 2016 साली प्रसिद्ध झाले. त्यात क्लोर्थॅलिडोन ही लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारी गोळी घेणाऱ्यांमध्ये खुबा व कटिभागाच्या फ्रॅक्चरचा धोका अ‍ॅम्लोडिपिन किंवा लिसिनोप्रिल या रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा 21 टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा मोठा वाटतो. पण सरासरी पाचेक वर्षांत या सर्वांमध्ये मिळून फ्रॅक्चर झाली 338, म्हणजे शंभरात जेमतेम दीड. शिवाय यावरून उरलेल्या दोन गोळ्या हाडे ठिसूळ करतात, असा अर्थ मुळीच निघत नाही.

क्लोर्थॅलिडोनसारख्या थायझाइड जातीच्या गोळ्यांमुळे लघवीवाटे जाणारे कॅल्शियम कमी होते. फ्युरोसेमाइडही लघवी वाढवते, पण तिच्यामुळे कॅल्शियम उलट अधिक जाते. म्हणून ‘लघवीची गोळी’ एवढ्यावर न थांबता पाकिटावरचे नाव नीट वाचावे. थायझाइडने सोडियम व पोटॅशियम उतरू शकते आणि युरिक अ‍ॅसिड वाढू शकते. सोडियम उतरले की तोल जाऊ शकतो, तेव्हा रक्ततपासणी केव्हा करायची हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

माझ्या मते याहून अधिक लक्ष पडण्याकडे द्यायला हवे, कारण खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळेच. नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर पहिले काही आठवडे विशेष जपावे. पाच मिनिटे पडून राहून रक्तदाब मोजावा. मग पट्टा दंडावर तसाच ठेवून, कोणाला तरी शेजारी उभे करून उठावे आणि एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर ते तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवावेत. रात्री लघवीला उठताना आधी दिवा लावावा, पलंगाच्या कडेला बसून तळवे जमिनीला टेकवावेत आणि डोके स्थिर झाल्यावरच उभे राहावे.

पडल्यानंतर जांघेत कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर रुग्णाला उभे करून पाहू नये. आडवेच ठेवून रुग्णालयात न्यावे आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत.