कॅराव्हॅनसाठी बॅटरी कशी निवडावी: आधी रात्रीचा हिशेब, मग दुकान

मे महिना, तारकर्ली, मुक्कामाची दुसरी रात्र. अडीचच्या सुमारास गाडीतला पंखा मंदावत मंदावत थांबला. मुलं घामाघूम होऊन उठली, आणि मालवणहून आणलेली सुरमई सकाळी टाकून द्यावी लागली. बॅटरी कोरी करकरीत होती, दीडशे एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). तिचा काही दोष नव्हता. घरच्या इन्व्हर्टरला घेतात तशी मी नुसता आकडा बघून ती घेतली होती. नवी कॅराव्हॅन बांधणाऱ्या किंवा जुनी ट्रॅव्हलर सजवून घेणाऱ्या कुणाचीही अशी रात्र जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

1. एका दिवसाचा खर्च कागदावर मांडा

प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले तास, म्हणजे वॅट-तास. आमच्या गाडीचा उन्हाळ्यातला हिशेब असा: कॉम्प्रेसरवाला 12 व्होल्टचा फ्रिज 50 वॅटचा. कॉम्प्रेसर निम्मा वेळच चालतो, म्हणून 12 तास धरले, 600 झाले. 15 वॅटचे दोन पंखे 9 तास, 270. दिवे 75, मोबाइल आणि लॅपटॉप 120, पाण्याचा पंप जेमतेम 15. बेरीज 1080 वॅट-तास. बॅटरीच्या 12 व्होल्टने भागलं की 90 एएच. बेरजेतला अर्ध्याहून जास्त भाग एकट्या फ्रिजचा आहे, तेव्हा फ्रिज निवडतानाच त्याची वीज बघा.

इंडक्शन शेगडी यात धरू नका. 1500 वॅटची शेगडी इन्व्हर्टरवर लावली की 12 व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे ते दीडशे अँपिअर ओढले जातात. स्वयंपाकाला गॅस ठेवा, फक्त सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवा जाण्याची वाट हवी.

2. इंजिनची बॅटरी वेगळी, घरातली वेगळी

इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीच्या प्लेट पातळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर पंखा चालवला तर थोड्याच दिवसांत ती बसते, आणि सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येते. गाडीतल्या घराच्या लोडसाठी, म्हणजे पंखे, दिवे, फ्रिजसाठी, डीप सायकल बॅटरीच हवी, म्हणजे खोलवर उतरवून पुन्हा पुन्हा भरता येणारी. तिचे तीन पर्याय.

पाणी टाकायची शिशाची ट्यूब्युलर सगळ्यांत स्वस्त आणि गावोगाव मिळते. पण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि घाटात वळणं घेताना ॲसिड हिंदकळतं. आपण झोपतो त्या बंद जागेत मी ती कधीच ठेवणार नाही.

एजीएम हीसुद्धा शिशाचीच, पण ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं; ती सीलबंद असते, पाणी घालावं लागत नाही. बजेट कमी आणि वर्षाला चार-पाच सहली असतील तर ती घ्या. मात्र शिशाची कुठलीही बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे 90 एएच वापरायचे तर 180 एएच विकत घ्यावे लागतात. माझं गणित इथेच चुकलं होतं.

लिथियममध्ये फक्त लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, ज्याला बाजारात एलएफपी म्हणतात. इतर लिथियमपेक्षा ती उष्णतेत बरीच स्थिर असते. 80 ते 90 टक्के वापरली तरी चालते आणि दोन हजारांहून जास्त सायकल देते, म्हणजे तितक्या वेळा भरून वापरता येते. आमच्या खर्चाला 100 एएच एक दिवस जेमतेम पुरते, म्हणून पावसाळी मुक्कामाचे दोन दिवस धरून आम्ही 200 एएच बसवली. तिचं वजन साधारण 25 किलो. तेवढंच काम शिशावर करायचं तर 360 एएच लागले असते, म्हणजे शंभर किलोच्या वर ओझं, तेही मागच्या चाकांवर. पैसे जास्त गेले, पण वर्षभर फिरणाऱ्याने हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

3. तुम्ही जाणार कुठे?

विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून जास्त. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बॅटरी सीटखाली, सावलीच्या बाजूला, हवा खेळेल अशी बसवा. उलट स्पिती किंवा लडाखला जाणार असाल तर लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करू नका, सेल कायमचे खराब होतात. कमी तापमानाला चार्जिंग आपोआप तोडणारं बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट, असलेलीच घ्या.

4. भरणार कशाने?

अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्राची, वायर थेट लिथियमला जोडू नका. लिथियम बॅटरी एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंट आवरून धरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच. टपावरचं 200 वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 600-700 वॅट-तास देतं. जुलैतल्या कोकणात मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

5. दुकानात

शिशाची घेत असाल तर सी10 की सी20 ते विचारा. सी20 म्हणजे 20 तासांत हळूहळू काढलेली क्षमता, म्हणून त्याच बॅटरीचा आकडा मोठा दिसतो. उत्पादनाची तारीख बघा. वाहनात वापरली तर वॉरंटी राहते का, ते कार्डावर वाचून घ्या. लिथियम असेल तर बीएमएस सलग किती अँपिअर देतं ते विचारा, आणि सरळ वजनकाट्यावर ठेवायला सांगा. 100 एएचची बॅटरी साधारण 10 ते 13 किलो भरते. सहा-सात किलोच भरली तर आत सेल कमी आहेत, तिथून निघा.

केबल जाड घ्या आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ, वीतभर अंतरात, फ्यूज लावून घ्या. वायरमन "नंतर लावू" म्हणाला तरी गाडी त्याशिवाय बाहेर काढू नका.

मग पहिली रात्र घराच्या पार्किंगमध्येच काढा. बॅटरी पूर्ण भरलेली, फ्रिज, पंखे, दिवे सगळं नेहमीसारखं चालू. सकाळी शंट मीटरवरचा (बॅटरीतून किती वीज गेली ते मोजणारा मीटर) आकडा कागदावरच्या हिशेबाशी ताडून बघा. आमच्याकडे फ्रिज धरल्यापेक्षा जास्त खात होता. त्याच्या मागच्या जाळीपुढे पिशव्या रचल्या होत्या. त्या हलवल्या आणि दुसऱ्या रात्री आकडा जुळला.