नैरोबीच्या बाजारात आंबा आणि ॲव्होकॅडो कसे निवडावेत

नैरोबीच्या वाकुलिमा बाजारात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या मारिकिटीत, केळी, पपई नि अननस बारा महिने मिळतात. ही फळं वास आणि वजन बघून घेतली की झालं. फसगत होते ती आंबा आणि ॲव्होकॅडो घेताना.

आंब्याचा, म्हणजे तिथल्या एम्बेचा, मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च. लांबट, टोकाशी जरा वळलेला, आत रेषा नसलेला तो एन्गोवे जातीचा. गोलसर तो ॲपल जातीचा. रंगावर जाऊ नका, देठाकडे बघा. फळाचे खांदे देठाच्या वर आलेले असतील तर आंबा तयार झालेला आहे, तो घरी अढीत पिकेल. खांदे उतरते असतील तर तो कोवळाच तोडलाय. सुरकुतेल, आंबट राहील. सगळीकडून सारखा पिवळा पण देठाशी वास नाही, दाबल्यावर टणक, असा आंबा बहुधा कार्बाइडचा. सालीवर टाचणीएवढं टोचलेलं आणि भोवती मऊ पडलेलं दिसलं तर फळमाशीने आत अंडी घातलेली असू शकतात. फळमाशीची बाहेरून आलेली एक जात केनियात 2003 मध्ये सापडली. म्हणून ढिगातून न घेता एकेक फळ फिरवून घ्यावं.

ॲव्होकॅडोचा भर मार्च ते सप्टेंबर. फुएर्ते जातीचा पिकला तरी हिरवाच राहतो, हास जातीचा काळपट जांभळा होतो. त्यामुळे हिरव्या फुएर्तेला कच्चा समजून आठवडाभर ठेवलं की तो आतून काळा पडतो. झाडावर हे फळ मऊ होत नाही, तेव्हा टणक घ्यायला हरकत नाही, फक्त जून, म्हणजे पूर्ण वाढलेलं, हवं. शंका असेल तर विक्रेत्याला एक कापायला सांगा: बीवरचं साल तपकिरी, कागदासारखं पातळ असेल तर माल जून, पांढरं आणि जाड असेल तर कोवळा. तो पिकायचा नाही, रबरासारखा होईल. नोव्हेंबर-डिसेंबरात हे तपासाच.

ॲव्होकॅडो घरी कागदी पिशवीत पिकल्या केळ्यासोबत ठेवा, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनमुळे लवकर पिकतो. जुलैत नैरोबीत गारवा असतो, त्यामुळे दोन-तीन दिवस जास्त धरा. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं तर गर काळवंडतो, आंब्याचंही तेच. पिकल्यावर मात्र खुशाल ठेवा.

पॅशनफ्रूटचं गणित उलटं आहे: सुरकुतलेलं, पण हाताला जड लागणारं फळ गोड.