कांद्यातून डीएनए काढायची रीत

नाशिकमध्ये द्राक्षे सहज मिळतात, पण या प्रयोगात त्यांतून हाती फारसे काही लागत नाही. द्राक्षाच्या पेशी पाण्या-साखरेने फुगलेल्या असतात, म्हणून तेवढ्याच वजनात केंद्रके (पेशीतला डीएनए साठवणारा भाग) कमी. लासलगावचा कांदा घ्या. त्याचा जनुकसंच, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे १६०० कोटी बेस-जोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) आहे, माणसाच्या जवळजवळ पाचपट.

वाळकी साल मृत असते, ती टाकून द्या. मुळांकडचा बुडखा मात्र धुऊन ठेवा, तिथल्या पेशी लहान आणि दाट असतात. ५० ग्रॅम कांदा बारीक चिरा. १०० मिली पाण्यात १ छोटा चमचा मीठ आणि २ छोटे चमचे भांडी घासायचे लिक्विड फेस न काढता मिसळा व त्यात कांदा घाला. पेशीचे आणि केंद्रकाचे पटल स्निग्ध रेणूंचे असते. साबण ते फोडतो. डीएनएच्या फॉस्फेटवर ऋण भार असल्याने धागे एकमेकांना लोटतात. मिठातले सोडियम तो भार झाकते.

आता भांडे ६० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटे ठेवा. नाशिक उंचावर असल्याने पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. उकळते आणि नळाचे पाणी समसमान घेतले की तापमान जमते. थंडीत नळाचे पाणी थोडे कमी घ्या. या उष्णतेने डीएनए तोडणारी विकरे (एन्झाइम) मंदावतात. ८० च्या वर गेलात तर खुद्द डीएनएचे दोन पदर सुटू लागतात.

मग बर्फात ५ मिनिटे गार करून मिक्सर फक्त ५ सेकंद फिरवा. प्रयोग इथे फसू शकतो: जास्त फिरवले की लांब रेणू तुटतात आणि धाग्यांऐवजी नुसती गढूळ छटा दिसते. चौपदरी मलमलीतून गाळा, पिळू नका.

गाळलेल्या पाण्यात ताज्या अननसाचा १ चमचा रस घाला. त्यातले ब्रोमेलेन डीएनएला गुंडाळलेली प्रथिने कापते. डब्यातला अननस चालत नाही, तापवल्याने त्यातले विकर निकामी झालेले असते.

किमान ९० टक्क्यांचे, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल गाळलेल्या पाण्याएवढेच घ्या. जवळ गॅस पेटलेला नको. गाळलेल्या पाण्याचा पेला तिरका धरून ते कडेने सोडा, दोन थर वेगळे राहिले पाहिजेत. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि घट्ट करणारे पदार्थ असतात.

१० मिनिटांत थरांच्या सीमेवर डीएनएचे पांढरे तंतू वर येतात. काडीभोवती सावकाश गुंडाळा. त्यात आरएनए (डीएनएसारखाच दुसरा रेणू) आणि थोडे पेक्टिनही (पेशीभित्तीतला चिकट पदार्थ) असते; गुंडाळले न जाता जेलीसारखे गोळे होत असतील तर ते बहुतांशी पेक्टिनच.