जुन्या होडीला नवीन आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगायचं इंजिन) लावताय? भोकं मारायची घाई नको

जुन्या फायबरच्या होडीची मागची फळी आतून कुजलेली असली तर वरून कळत नाही, म्हणून आधी हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून बघा, आवाज बद्द आला तर आधी फळीचं काम करा.

१. फळीची उंची मोजा, शॉर्ट शाफ्टच्या (आखूड दांड्याच्या) इंजिनाला साधारण १५ इंच लागते, लाँगच्या (लांब दांड्याच्या) इंजिनाला २०.

२. इंजिन नुसतं क्लॅम्पवर मधोमध टांगा, होडीच्या तळाला सरळ पट्टी लावा, पंख्यावरची आडवी प्लेट पट्टीच्या लेव्हलला किंवा इंचभर खालीच हवी, त्याहून खाली जात असेल तर फळीवर लाकडाचा तुकडा टाकून इंजिन वर घ्या.

३. मगच भोकं मारा, भोकांच्या आतून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) फिरवा, सुकल्यावर सीलंट लावून स्टेनलेसचे बोल्ट आरपार.

नुसत्या क्लॅम्पवर विसंबू नका, इंजिनाला दोर बांधाच, खाडीत गेलं की गेलं.