टपाली मतांच्या टेबलावर नेमणूक आली असेल तर

मतमोजणीचा आदेश हातात पडला की आमच्या कचेरीत पहिला प्रश्न ठरलेला, "ईव्हीएम की टपाली?" टपाली म्हटलं की विचारणारा खुशीत मान हलवतो. "बरंय की, कागद कमी, लवकर सुटाल." नव्याने नेमणूक झालेल्यांनी हा समज आधी डोक्यातून काढावा. ईव्हीएमच्या टेबलावर बटण दाबलं की आकडा दिसतो आणि तो लिहून घ्यायचा असतो. टपालीच्या टेबलावर आकडा सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी एकेका पाकिटाबद्दल ते मोजणीत घ्यायचं की नाही हे ठरवावं लागतं, तेही उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या देखत.

आणि "कागद कमी" म्हणून ज्यांना ही मतं किरकोळ वाटतात त्यांना मी २०२४ च्या लोकसभेतला मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघ सांगते. ईव्हीएममध्ये अमोल कीर्तिकरांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकरांना ४,५१,०९४ मतं होती. म्हणजे नऊ लाखांवर मतं मोजून कीर्तिकर एका मताने पुढे. टपालीत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका होत्या १११. हा निकाल पुढे न्यायालयात गेला, त्यात कोण बरोबर, कोण चूक या वादात मला पडायचं नाही. पण त्या १११ पाकिटांवर आणि मतपत्रिकांवर कुणीतरी टेबलाशी बसून शेरा लिहिला होता, आणि पुढच्या वेळी तिथे तुम्ही असू शकता.

मी लेखा शाखेत नोकरी करते. आधी मतमोजणी सहायक म्हणून आणि पुढे पर्यवेक्षक म्हणून टपालीच्या टेबलावर बसत आले आहे. खाली लिहिलेलं सगळं लोकसभा-विधानसभेपुरतं आहे. त्यांना १९६१ चे निवडणूक संचालन नियम लागतात आणि टपाली मोजणीचा नियम आहे ५४-ए. महापालिका-जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे नियम वेगळे. दोन्हीकडच्या सूचनांची सरमिसळ करणारे "अनुभवी" प्रत्येक प्रशिक्षणात एक-दोन तरी भेटतात. त्यांच्यापासून सावध राहा.

ही पाकिटं कुणाची असतात ते आधी कळलं पाहिजे, कारण प्रत्येक गटाच्या पाकिटात चुका वेगळ्या. पहिला गट आपलाच, म्हणजे निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांचा. पूर्वी लोक मतपत्रिका घरी न्यायचे आणि सवडीने पाठवायचे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती सुविधा केंद्रातच घ्यायची, तिथेच मत नोंदवायचं आणि तिथेच परत द्यायची. दुसरा गट सैनिक आणि इतर सेवा मतदारांचा. त्यांना मतपत्रिका ऑनलाइन जाते आणि ते ती छापून, मत नोंदवून टपालाने पाठवतात. तिसरा गट गैरहजर मतदारांचा, म्हणजे ज्येष्ठ नागरिक आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार. ज्येष्ठांची वयोमर्यादा आधी ८० होती, मार्च २०२४ पासून ८५ झाली. हे लोक नमुना १२-डी भरून देतात आणि मतदान पथक त्यांच्या घरी जातं. अत्यावश्यक सेवेतले कर्मचारीही याच नमुन्यावर अर्ज करतात, मात्र त्यांना टपाली मतदान केंद्रावर यावं लागतं. एकदा हा पर्याय घेतला की मतदान केंद्रावरच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'पीबी', म्हणजे पोस्टल बॅलट, असा शिक्का असतो आणि तिथे त्यांना मत देता येत नाही. त्यामुळे तुमच्या टेबलावर आलेलं पाकीट हेच त्या माणसाचं एकमेव मत आहे. ते बाद झालं की विषय संपला.

मोजणीच्या दिवशी पहाटेच हजर व्हायचं असतं. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून मनगटी घड्याळ घाला. टपालीच्या प्रत्येक टेबलावर एक सहायक निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे एआरओ, एक पर्यवेक्षक, दोन सहायक आणि एक सूक्ष्म निरीक्षक अशी माणसं असतात. एका फेरीत एका टेबलाला जास्तीत जास्त ५०० मतपत्रिका. आठच्या ठोक्याला टपालीपासूनच सुरुवात होते, आणि ती वेळच पाकिटं स्वीकारण्याची शेवटची वेळ. आठनंतर आलेलं पाकीट उघडायचं नाही. त्यावर शिक्का चार दिवस आधीचा असला तरी नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा टपाल शिक्का असेल तर उशिरा पोचलेली मतपत्रिकाही धरली जाते. आपल्याकडे पोचण्याची वेळच पाहतात. उशिराच्या पाकिटांवर आल्याची वेळ लिहून ती न उघडताच वेगळ्या पुडक्यात सीलबंद होतात.

सेवा मतदारांच्या पाकिटांना क्यूआर कोड असतो. आधी बाहेरचं पाकीट स्कॅन करायचं, संगणक देईल तो अनुक्रमांक त्यावर लिहायचा, मग आतल्या कागदांचे कोड. एकाच मतदाराची दोन पाकिटं आली असतील तर ते इथेच उघड होतं. ही पाकिटं एकसारखी नसतात, कुणी हाताशी असलेला साधा लिफाफा वापरलेला असतो. दिसायला ओबडधोबड म्हणून नाक मुरडू नका. छपाई पुसट असेल तर स्कॅनर रुसतो, तेव्हा कागद सपाट करून पुन्हा धरा.

आता खरं काम. बाहेरचं मोठं पाकीट म्हणजे १३-सी. त्यात दोन गोष्टी सुट्या असायला हव्यात: मतदाराचं घोषणापत्र, म्हणजे १३-ए, आणि आतलं बंद छोटं पाकीट, म्हणजे १३-बी. मतपत्रिका असते १३-बीमध्ये. १३-सी उघडलं की हात १३-बीकडे जातो, कारण मत तिथे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ते पाकीट उलटं करून बाजूला ठेवा आणि आधी घोषणापत्र वाचा. चार गोष्टी पाहायच्या. घोषणापत्र आहे का? मतदाराची सही आहे का? साक्षांकन, म्हणजे ती सही त्या मतदाराचीच असल्याची अधिकाऱ्याची नोंद, झालंय का? आणि त्यावर लिहिलेला मतपत्रिकेचा क्रमांक १३-बीवरच्या क्रमांकाशी जुळतो का? यातलं एक जरी चुकलं तरी १३-बी न उघडता त्यावर शेरा मारून ते बाद होतं, आणि घोषणापत्रासह पुन्हा मोठ्या पाकिटात जातं.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मतं इथेच जातात, मतपत्रिकेपर्यंत पोचण्याआधीच. ठळक कारण म्हणजे घोषणापत्र मतपत्रिकेबरोबर आतल्या पाकिटात घालून ते चिकटवलेलं असतं. हाताला जाड लागतं, उजेडात धरलं तर घडी दिसते, आत आहे हे सगळ्यांना कळतं, पण ते पाहायला म्हणून आतलं पाकीट फोडता येत नाही. एखादा प्रतिनिधी म्हणतोच, "मॅडम, उघडा ना, आहे आत!" एआरओ नियम वाचून दाखवतात, पाकीट बादमध्ये जातं. वाईट वाटतं. दुसरं कारण क्रमांकाचं. पाचाचा सहा झालेला, किंवा मतपत्रिकेच्या क्रमांकाच्या जागी मतदार यादीतला अनुक्रमांक लिहिलेला. साक्षांकनाबाबत, विशेषतः सही आहे पण शिक्का नाही अशा वेळी काय करायचं, यावर भारत निवडणूक आयोगाच्या सूचना वेळोवेळी येतात. मागच्या निवडणुकीतली आठवण सांगू नका. त्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या हातात असलेली लेखी सूचना मागून घ्या.

यानंतरची एक पायरी नवी मंडळी हमखास घाईत उरकतात. योग्य ठरलेली सगळी घोषणापत्रं वेगळ्या पुडक्यात घालून सीलबंद करायची, आणि ते झाल्यावरच पहिलं १३-बी उघडायचं. घोषणापत्रावर नाव आहे, मतपत्रिकेवर मत आहे, आणि दोन्ही एकाच वेळी टेबलावर उघडे असले तर गुप्तता कसली? छोट्या गावात, जिथे प्रतिनिधी प्रत्येक शिक्षकाला नावाने ओळखतो, तिथे हे फार महत्त्वाचं. "एकेक पाकीट पूर्णच करत जाऊ, पटपट होईल" असं टेबलावर कुणीही सुचवलं तरी ऐकू नका.

मतपत्रिका उघडल्या की डोळ्यांचं काम सुरू होतं. मत पेनाने बरोबरची किंवा फुलीची खूण करून दिलेलं असतं, आणि माणसं ती शंभर तऱ्हांनी करतात. खूण नाहीच, दोन उमेदवारांपुढे खुणा, खूण नेमकी दोन रकान्यांमधल्या रेघेवर, कागद बनावट किंवा ओळखू न येण्याइतका फाटलेला: हे सगळं बाद. मतदाराची ओळख पटेल अशी खूण किंवा लिखाण असेल तरी बाद, आणि यात आपलेच कर्मचारी सापडतात. आयुष्यभर प्रत्येक कागदाखाली सही-तारीख टाकायची सवय! एकदा अशी मतपत्रिका हाती आली होती: रकान्यात सुरेख बरोबरची खूण, आणि शेजारी वळणदार सही, खाली तारखेसह. मत स्पष्ट होतं, उमेदवार स्पष्ट होता. बाद.

पण बाद करण्याची खुमखुमीही नको. खूण पुसट आहे किंवा एकाच रकान्यात दोनदा केली आहे एवढ्यावरून मत जात नाही, कल स्पष्ट दिसला की ते वैध. एका उमेदवाराच्या रकान्यात एक फिकट फुली, पेन चाललं नाही म्हणून शेजारी दुसरी ठसठशीत फुली, अशा मतपत्रिकेवर विरोधी प्रतिनिधी हटकून आक्षेप घेतो. ती वैध आहे. कुणी कोपऱ्यात घोषणा लिहिली असेल तर तिच्यावरून मतदार ओळखता येतो का, हा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर एआरओंनी द्यायचं. सहायक किंवा पर्यवेक्षक म्हणून तुमचा अधिकार दाखवण्याचा आहे, ठरवण्याचा नाही. संशयित मतपत्रिका वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि तोंडाने "ही गेली" असं म्हणू नका. ते दोन शब्द ऐकून हॉलमध्ये गोंधळ उडालेला मी पाहिला आहे.

प्रतिनिधींशी बोलताना आवाज एकसारखा ठेवा, ओळखीचा असो वा नसो. कागद त्यांना दिसेल असा धरा, हातात देऊ नका. "दादा, बघून घ्या, मग पुढे जाते" एवढं पुरतं.

वेगाचा दबाव आता वाढला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ठरवलं की टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय ईव्हीएमची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. आधी टपाली बाकी असतानाही ईव्हीएमच्या फेऱ्या संपू शकत. निर्णय मला पटतो, पण आता अख्खा हॉल तुमच्यासाठी थांबतो आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी डोकावून "किती राहिलं?" विचारतं. आणि विजयाचं अंतर बाद टपाली मतपत्रिकांपेक्षा कमी निघालं, तर निकाल जाहीर करण्याआधी त्या सगळ्या बाद मतपत्रिका पुन्हा तपासाव्या लागतात. म्हणून बादचा शेरा असा लिहा की संध्याकाळी तिसऱ्या माणसाला तो तुम्हाला न विचारता कळेल. नुसतं "सदोष" लिहू नका, "घोषणापत्रावर मतदाराची सही नाही" असं लिहा.

प्रशिक्षणात प्रदत्त मतांबद्दल हमखास विचारतात, "ती कोणत्या टेबलावर मोजायची?" कुठल्याच नाही. केंद्रावर गेल्यावर आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेल्याचं कळलं, तर खऱ्या मतदाराला ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मिळते, नमुना १७-बीमध्ये सही घेतात आणि ती मतपत्रिका केंद्राध्यक्ष वेगळ्या पाकिटात बंद करतात. ते पाकीट मोजणीत उघडत नाही. न्यायालयाने आदेश दिला तरच. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानुसार तात्पुरती मतपत्रिका बाजूला ठेवतात, मतदार पात्र आहे का ते नंतर तपासतात आणि पात्र ठरला तर मत मोजतात. दोन्ही एकच समजू नका. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुंबई उत्तर पश्चिमच्या निवडणूक याचिकेतही ३३३ प्रदत्त मतांचा मुद्दा होता. ती याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

प्रशिक्षणाला जाताना चष्मा न्या आणि १३-ए, १३-बी, १३-सीचे कोरे नमुने मागून घ्या. स्लाइडवर पाहून काही कळत नाही. घरी स्वतः एक पाकीट भरा, चिकटवा आणि सहकाऱ्याला तपासायला द्या. तुमचं स्वतःचं ड्युटीचं मतही सुविधा केंद्रात याच पाकिटांतून जाणार आहे.